टाकून दिलेलं पाणी

मेमे पेनेहाफोनं सात एवांडा पाठवल्या,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, विंडहुकला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे.
बशीएवढ्या, शेवाळी, खडखडीत.
ओम्बिडीची पानं शिजवून, थापून, उन्हात वाळवलेल्या वड्या.

दोन वर्षं आमच्या ओशानात पाणी उतरलं नाही.
त्या उथळ पाणथळीत आता फक्त खुरांचे ठसे.
बाजरी गुडघ्याला लागली आणि तिथंच थांबली.
ओम्बिडी मात्र आली,
मोडलेल्या गोठ्याच्या जागी, जिथं शेण मुरलंय तिथं,
न पेरता, न विचारता.
पाच बोटांचं पान, हाताला चिकट, वासाला उग्र.
शेळीसुद्धा आधी हुंगते, मग ठरवते.

माझं काम असं:
पान वाळवायचं, दळायचं, मिथेनॉलमध्ये भिजवायचं,
आणि अर्काचे थेंब जांभळ्या द्रावणात सोडायचे.
जांभळं म्हणजे बेभान रेणू,
एका इलेक्ट्रॉनला मुकलेले,
दिसेल त्याच्या खिशात हात घालणारे.
पानाकडे देण्यासारखं काही असलं
तर जांभळा ओसरतो, पिवळसर होतो,
ताप उतरावा तसा.
अँटिऑक्सिडंट म्हणतात ते एवढंच:
कुणीतरी आपल्यातलं काढून देणं.

दुकानातल्या कोबीनं फार वेळ लावला.
पालकानं बरं केलं.
ओम्बिडीचा तिसरा थेंब पडला
आणि मी घड्याळाचं बटण दाबायचंच विसरले.

डॉक्टर चिराम्बा म्हणाले,
"तहानलेलं पान असंच असतं.
पाय नाहीत, पळणार कुठं?
मग उन्हाशी भांडायचं सामान
घरातच करून ठेवतं."
मी वहीत लिहिलं: ताण वाढला, फिनॉल वाढले.
बाजूला उगाच मेमेचं नाव लिहिलं.

गावाकडे ओम्बिडी दोनदा शिजवतात.
पहिलं पाणी कडू, ते काढतात.
तक्त्यात त्याला रकाना आहे: 'टाकून दिलेलं पाणी'.
मी तेही तपासलं.
तेही जांभळ्याला पिवळं करत होतं.
क जीवनसत्त्व, फोलेट, किती काय काय
पानातून उठून त्या पाण्यात जाऊन बसलेलं.

संध्याकाळी फोन लावला.
रेंजसाठी मेमे वारुळावर चढते.
"मेमे, ते पहिलं पाणी टाकू नकोस."
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"कोण टाकतं?"
"काढता ना ते?"
"काढतो. मग निवतं. मग पितो.
तू पोटात होतीस तेव्हा तुझी आई
रोज वाटीभर प्यायची, नाक दाबून.
बोअरवेल पाच किलोमीटरवर,
आणि पाणी टाकायचं?
हे तुला कुणी शिकवलं?"

कुणीच नाही.
तक्ता आधीच छापलेला होता.

सकाळी मी रकान्याचं नाव खोडलं.
नवं सुचेना,
नुसतं 'पाणी' लिहिलं.

सहा एवांडा दळून झाल्या.
सातवीवर तिच्या हाताचा ठसा आहे,
थापताना उमटलेला.
चारच बोटं.
करंगळी बाजरी कांडताना गेली, मी शाळेत असताना.
यंत्राला अजून वीस ग्रॅम हवे होते.
नमुना अपुरा, अशी मी नोंद केली.

ती वडी रात्री खोलीवर भिजत घातली,
मग उकळली.
तेल जेमतेम, कांदा नव्हता,
सोबत बाजरीचा घट्ट ओशिफिमा.
कडूच होती.
पातेल्यात तळाशी पाणी उरलं, हिरवट काळं.
ते वाटीत ओतलं,
निवू दिलं,
आणि नाक दाबलं.