नळी फुंकली

गुरुवारी सॉल्टरहेबलच्या उतारावर
ब्रेकनं माझा पाय झिडकारला.
दगडावर पाय द्यावा तसं पेडल,
मागे मांजरपाटाचे अठरा तागे,
पुढे दुधाच्या टँकरचं चकचकीत बूड.
सीटवरून उठून दोन्ही पायांवर उभी राहिले
तेव्हा कुठे व्हॅन हातभर अलीकडे थांबली.
गुडघे मात्र घरी येईपर्यंत थांबले नाहीत.

रविवारी बॉनेट उघडलं.
फेब्रुवारीतलं हॅलिफॅक्स,
उजेड न पिळता वाळत घातलेल्या चादरीसारखा.
शार्दूलला म्हटलं, टॉर्च धर.
सतरा वर्षांचा. शाळेत त्याला शार्ड म्हणतात,
म्हणजे काचेचा तुकडा, आणि त्याला ते आवडतं.
नोव्हेंबरपासून आमचं बोलणं म्हणजे
जेवलास का, हो, चावी कुठाय, तिथंच.
त्याला कॉलेज नको आहे.
मी सांगत राहते. नळी फुंकली सोनारे,
इकडून तिकडे गेले वारे.

"ऐक," तो बॉनेटखालून म्हणाला.
काय ऐकू, तेल भरलंय, पॅड नवे आहेत,
तो एकरॉइड म्हणालाच होता की—
"मम, गप्प बस ना जरा. पेडल दाब. ऐक."
दाबलं. इंजिनच्या धडधडीखाली
कुणी दातांच्या फटीतून श्वास ओढावा
तसं, बारीक,
स्स्स.

बोटभर जाडीची काळी नळी,
पंपापासून ब्रेकच्या गोल डब्यापर्यंत.
वाकणाशी भेगाळलेली, उन्हाळ्यातल्या टाचेसारखी,
आणि वर चिकटपट्टीचे तीन वेढे.
विकताना एकरॉइड म्हणाला होता,
हिचं काही दुखत नाही.

गळतंय, मी म्हटलं.
"गळत नाहीये. शिरतंय."

बावीस वर्षं गाडी चालवतेय,
मला वाटायचं ब्रेक लागतो तो जोरानं,
तेलानं, माझ्या मांडीच्या ताकदीनं.
त्या डब्यात म्हणे काही नसतं.
हवासुद्धा. पंप ती ओढून ओढून काढतो,
आणि त्या नसण्यावर टेकून
दोन टन लोखंड नि माझं सगळं कापड थांबतं.
हे त्याला कुठून कळलं, विचारलं नाही.

व्हॅन उभी, म्हणून दुकानात चालत गेलो.
काउंटरवरच्या बेरिलनं पाण्याची नळी देईना.
आतून ओढ लागली की ती चपटी होते, लव्ह,
ही जाड घे, मीटरनं.
परत येताना शार्दूलनं ती गळ्यात घातली होती.

जुनी सुटेना. रबर डब्याच्या तोंडाला
इतकं चिकटलेलं की हातात नुसती काजळी आली.
त्यानं मागितली म्हणून
आतून कापडाची कात्री आणली.
ती मी कुणाला देत नाही.

नळी उभी चिरून त्यानं झडप काढली,
बाहीला पुसली, तोंडात धरून फुंकली.
हवा गेली. उलटी धरून फुंकली,
गाल फुगले, कान लाल झाले, काही नाही.
"एकाच बाजूनं जाते. चांगली आहे."
मला हसू फुटलं. मग त्याला म्हण सांगावी लागली,
आणि इंग्रजीत ती अगदीच मेली.
त्यानं मराठीतच म्हणून पाहिली,
नली फुंकली सोनारे,
आणि विचारलं, पण तो फुंकतो कशाला?

थांबले. कधी मनातच आलं नव्हतं.
विस्तव फुलवायला, म्हटलं. सोनं वितळायला.
"मग वारं वाया कुठे गेलं?"
टॉर्च त्याच्या काखेत, उजेड भलतीकडेच,
आणि मी नव्या नळीचं टोक
चहाच्या मगातल्या उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करत होते.

ती बसली. पट्टा आवळला.
इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारलं,
घट्ट झालं. पाय तसाच ठेव, तो म्हणाला,
आता चावी फिरव.
फिरवली. आणि पायाखाली ते पेडल
दोन बोटं खाली गेलं, आपणहून,
अगदी हळू.
"गेलं?" गेलं.
कॉलेजचं मी त्या दिवशी काढलं नाही.

सोमवारी मंडईतल्या गाळ्यावर
एका म्हातारीला पडद्यासाठी तीन मीटर कापताना
कात्री अर्ध्यावर अडकली. पात्याला काळं रबर.
थुंकी लावून पुसलं, पुन्हा अडकली.
बाई म्हणाली, धार लावायला हवी गं.
हो, म्हटलं, आणि उरलेलं हातानं फाडलं.