पहिल्याच थेंबाला

निहार पुण्याला गेला, टँक राहिली.
दोन फुटी काच, रात्रभर घोरणारा पंप,
आणि निळ्या डब्यात पाणी तपासायचा किट:
बुटक्या बाटल्या, चार काचनळ्या,
रंगांचं कार्ड, दमट होऊन फुगलेलं.
मुदत मार्चमध्येच संपली त्याची.
वीस वर्षं औषधांच्या दुकानात बसते मी,
मुदत संपलेली पट्टी कात्रीनं कापूनच टाकते.
हा मात्र ठेवला.

मासे नऊ होते, सात उरले.
बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरणारं.
"तळ्याचं आणून बघ," तो फोनवर म्हणाला,
"पण आधी टेस्ट कर, आई.
पाच मिली. रेघेपर्यंत. डोळ्यासमोर धरून बघ."
मला शिकवतोय. मला,
जी त्याच्या तापाचं औषध
थेंब मोजून चमच्यात घालायची.

रविवारी दुकान बंद. देवळामागच्या तळ्यावर गेले.
सत्यभामामावशी म्हशीची पाठ घासत होती.
"काय घालतंस गो त्या पाण्यात? इख नाय मां?"
नाही हो मावशी, हे नळीतलं नळीतच राहणार,
घरी नेऊन टाकणार.
"मगे? पाणी काय म्हणता?"
पाच मिनिटं थांबावं लागतं, म्हटलं.

पाच मिनिटांत दुकानात तीन गिऱ्हाइकं होतात.
इथे म्हशीनं एकदा कान हलवला.
कमळाच्या देठाशी मरळीनं तोंड वर काढलं,
हवा घेतली, गेली.
पायरीच्या जांभ्यातून पाणी झिरपत होतं,
कुठून ते दिसलं नाही.

अमोनिया: काही नाही.
नायट्राइट: काही नाही.
नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट हलवली,
बांगड्या वाजल्या तेवढ्या. काही नाही.
आम्लतेची नळी कार्डाला लावली तर
शेवटच्या चौकोनापेक्षाही पिवळी.
कार्ड संपलं, पाणी खाली उतरतच होतं.
आणि ते थेंब मोजायचं औषध,
आधी निळं व्हायचं, मग कितव्या थेंबाला पिवळं ते बघायचं,
ते निळं झालंच नाही.
पहिल्याच थेंबाला पिवळं.

परतताना चिऱ्याच्या खाणीशी थांबले.
सोडून दिलेली खाण, चौकोनी कापलेलं तांबडं पाणी.
वरून पोरं उड्या मारत होती.
तिथेही तेच. पहिल्याच थेंबाला.

"म्हणजे पाण्याला आधार नाही," निहार म्हणाला.
"काहीतरी पडलं की लगेच डळमळेल.
टँकला नको वापरू."
मी म्हटलं, अरे, त्यात म्हशी पडतात,
साबण पडतो, दीड दिवसांचे गणपती पडतात,
तरी मरळ आहे तिथे.
"तळं मोठं आहे, आई. टँक दोन फुटी."
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्याच्या खोलीत कुणाच्या तरी मोबाइलवर मॅच चालू होती.
विचारलं, जेवतोस ना वेळेवर?
"हो."
दुसरा थेंब टाकायची वेळच आली नाही.

कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं.
मग त्याचं न ऐकता
हॉर्लिक्सच्या बरणीतलं तळ्याचं पाणी
अर्धा मग टँकमध्ये सोडलं,
अर्धा मग बोअरचं.
आणखी अर्धा उद्या. घाई नाही.
मासे काचेशी आले, वास घेतल्यासारखे.
मोजले. सात.
झोपायच्या आधी परत मोजले.

सोमवारी सत्यभामामावशी गुडघ्याचा मलम न्यायला आली.
"मगे, काय म्हणालां पाणी?"
मऊ आहे म्हणालं, मावशी.
"ह्यां माका म्हायत होतां," ती म्हणाली,
"डाळ शिजता त्यात."
सुटे मोजून दिले, आणि गेली.