लाल फुली

रात्री दीडला वरून पाणी सोडतात.
तेहरानच्या उंच अंगाकडून, डोंगराखालून,
रस्त्याकडेच्या पन्हळीतून ते उतरतं.
आधी नुसता आवाज,
घुशीने पुठ्ठा कुरतडावा तसा.
मग बाटल्यांची टोपणं, थोटकं, लहान मुलाची एक चप्पल,
आणि त्यांच्या मागून, दमल्यासारखं, पाणी.

नौरूजअली खराटा आडवा धरून थांबलेला.
नारिंगी डगला, पाठीवर चमकती पट्टी.
मूळचा गझनीकडचा, एकोणीस वर्षं इथे
आणि कागदोपत्री अजून पाहुणा.
चिनारांना पत्र्याचे बिल्ले ठोकलेत.
त्याच्याही छातीवर एक आहे.

आज गुरुवार, उद्या सुट्टी,
म्हणून मोटारी मुंगीच्या चालीने.
एका खिडकीतून बाहेर आलेला हात
खालच्या फांदीला लागतो, नकळत मागे घेतला जातो.
पानं दुकानांच्या पाट्यांनी जांभळी होतात, गुलाबी होतात,
झाडाला अंधार म्हणून मिळत नाही.
तीन पिढ्यांमागे लावलेली ही रांग
किती वर्षं झोपलेली नाही, कुणी मोजलंय?

चार हजार एकशे सतरा अर्धा वाळलाय.
समोर बारा मजले चढले तेव्हा मुळांवरून सिमेंट गेलं.
नौरूजअली रोज त्याच्यापाशी पन्हळ खरवडतो,
खराट्याने पाण्याला जरा वळवतो,
नि काहीतरी पुटपुटतो.
जमीन, जखम, अखेर,
त्यातले एवढे शब्द आपलेही आहेत.

काल कुणीतरी त्याच्या खोडावर लाल फुली मारून गेलं.

तो बराच वेळ फुलीकडे बघत राहिला.
मग शेजारच्या बंद शटरकडे गेला.
तिथे काळ्या चौकटीतला कागद:
आगा सफदर तूतूनची, भूमितीचे निवृत्त शिक्षक,
शोकसभा मंगळवारी.
मंगळवार होऊन तीन आठवडे झालेले.
त्याने कागद कडेकडेने भिजवला,
जखमेवरची पट्टी काढावी तसा सोडवला,
आणि पन्हळीतल्या गाळाने
बरोबर फुलीवर बसवला.
मास्तर किंचित तिरके लागले.
त्यांना ते चाललं नसतं.

सकाळी करवतवाले आले.
मुकादमाने यादी उघडली, झाडाजवळ गेला,
कागदावर तळवा ठेवला, ओठ हलवले.
इतकं पेपरवाल्याने पाहिलं.
मग त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं.
नौरूजअली तेव्हा बसमध्ये, काचेला डोकं टेकून.

आज पुन्हा दीड.
तो मुद्दाम खालच्या अंगाला उभा राहिलाय, पाठ करून,
खराटा आडवा.
टोपणं येतात. थोटकं येतात.
मग एक पान, पंजाएवढं, पाच टोकांचं.
तो उचलतो. दिव्याखाली धरतो.
हिरवंगार.

पण हिरवं पान
झाड तोडलं तरी पडतंच की.