कळणा

माणूस मला दळणावरून कळतो, असा माझा समज होता.
पाच किलो दादर: सासू-सासरे, पोरं, घर भरलेलं.
गहू, तोही निवडून चाळून: जावई येणार.
ज्वारीत काळे उडीद, जाडसर दळायचं, म्हणजे कळणा;
त्या घरात कुणालातरी अजून चवीनं खायची हौस आहे.
बावीस वर्षं निजामपुरात पट्ट्याच्या आवाजावर ओरडून
मी साऱ्या गावाला सल्ले दिले.

मग आठ मंगळवार, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये
आम्ही सहा जण सतरंजीवर बसलो.
कोकिळा आशाताई, निंबा न्हावी, रुमाबाई सोनवणे,
आणखी दोन पोरं, आणि पिठाच्या भुवया घेऊन मी.
भारंबे मॅडम धुळ्याहून सातच्या एसटीने यायच्या.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही.
मग तोंडाचं काय करायचं?
मिटायचं, म्हणाल्या.

फळ्यावर त्यांनी लिहिलं: नैराश्य.
निंबा म्हणाला, हे आमच्याकडे कुणाला होत नाही.
मग काय होतं?
बराच वेळ नुसता पंखा फिरला.
रुमाबाई म्हणाली, "मन इझी जास."
चूल विझते तसं. धूर असतो, भाकर होत नाही.
मॅडमनी आपला शब्द हातानेच पुसला,
फडकं समोर असून,
आणि तिचा लिहिला.

एकदा जोड्या लावल्या. पाच मिनिटं एकाने बोलायचं,
दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही.
निंबा जगाच्या दाढीखालच्या गोष्टी सांगेल वाटलं;
त्याने सुरतेला गेलेल्या भावाचं सांगितलं,
ज्याचा फोन लागतो, पण उचलत नाही.
मी तीनदा तोंड उघडलं.
तीनदा माशी गिळल्यासारखं मिटलं.

शेवटी कार्ड मिळालं. समुपदेशक.
सून वाचताना दोनदा अडखळली.

हिलाल अप्पा पवनचक्कीवर रात्रपाळीचे वॉचमन.
बायको होती तेव्हा कळणा आणायचे.
मग नुसती दादर. चार किलो. दोन.
यंदा आषाढात अर्धा किलो, रुमालात बांधून.
एवढंसं तर निम्मं गिरणीच खाते.
पूर्वीची मी म्हणाले असते,
जेवत जा, भजनाला जा, पोरीकडे राहून ये.

त्या दिवशी मोटर बंद केली.
बंद केल्यावरही पट्टा थोडा वेळ फिरतो,
तो थांबेपर्यंत थांबले.
वहीतला नववा प्रश्न, जिभेला जड.
विचारल्याने खूळ डोक्यात शिरत नाही,
असलं तर बाहेर यायला वाट मिळते, असं मॅडमनी शिकवलेलं.
"अप्पा, जीव देवाना इचार मनमा येस का?"

ते डोंगरावरच्या पात्यांकडे बघत राहिले.
"वर लाल दिवा लागस," म्हणाले, "रातभर मोजस मी."
गप्प.
"आजलोंग कोनी इचारं नही."

मला बोलायचं होतं. किती बोलायचं होतं!
पीठ गरम होतं.
गरम पिठावर झाकण लावू नये,
एवढं मी मंगळवारांच्या आधीपासून जाणते.
पुढे ते जे बोलले ते इथे सांगणार नाही,
तसं वचन असतं आमचं.
मॅडमना फोन मात्र त्यांच्यासमोर लावला.
गुरुवारी धुळ्याचा दवाखाना, दोघांचं तिकीट मी काढायचं.
गुरुवारी ते स्टँडवर येतील का,
आत्ता मला माहीत नाही.

बाहेर डब्यांची रांग. कुणीतरी डबा आपटला,
"मरी गयी का वं? गिरणी चालू कर ना!"
अप्पांना हसू आलं, मलाही,
नको तिथे येतं तसं.
थांब, मी आतूनच म्हटलं,
पीठ निवू दे.