जलधी

बुलावायोत, सिटी हॉलसमोरच्या जॅकरांडाखाली
नोकुथाबा सिबिंदीबाई बसतात.
लाकडी जिराफ, मण्यांच्या माळा,
आणि प्लास्टिकच्या पाकिटांत
मेलेला पैसा.

एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं.
शून्याला स्वतःची किंमत नसते पोरांनो,
एकाच्या उजव्या हाताला बसलं की येते.
मग ते वर्ष आलं.
एकाच्या उजवीकडे चौदा शून्यं येऊन बसली
आणि किंमत काही आली नाही.

आपल्या जुन्या मोजणीत या आकड्याला नाव आहे:
खर्व, निखर्व, महापद्म, शंकू,
आणि मग जलधी.
समुद्र.
ज्या देशाला किनाराच नाही
तिथे एका शिक्षिकेच्या पर्समध्ये समुद्र,
आणि घरात मीठ नाही.

पहाटे तीनपासून रांग.
दार उघडलं तेव्हा पाव एवढ्याला,
दारापाशी पोचेपर्यंत तेवढ्याला.
हसायच्यासुद्धा. पोट धरून हसायच्या.
अहो अब्जाधीशबाई, जरा सरका की पुढे!

परवा एक पाहुणा म्हणाला,
तरी तेव्हा माणसं जास्त सुखी असतील, नाही?
बाईंनी त्याला जिराफ दाखवला.
रिकाम्या पोटाचं हसू त्यांच्याकडे आहे,
ते त्या मांडून बसत नाहीत.

एक नोट मात्र पेटीच्या तळाशी.
पुढे दगड, तीन,
चुलीचेच असावेत,
पण एकावर एक तोललेले; शिजायचं काय त्यांवर?
मागे धबधबा. धबधब्याच्या पाण्यावर
पेन्सिलीने, म्बोनिसीच्या तिरक्या अक्षरात:
मीठ
साबण
मेणबत्त्या दोन
जमलं तर पेरू
दुसरा कागद नव्हता त्या दिवशी घरात.
तो रिकाम्या पिशवीची घडी घालून परत आला होता.
पुढच्या हिवाळ्यात गेला.

ती लिहिलेली आहे, खराब आहे, बाई म्हणाल्या.
मग तर चाळीस देतो, पाहुणा म्हणाला.
चाळीस डॉलर, हिरवे, चालणारे.
गॅस संपून आठवडा झाला होता.
बाईंनी एक मिनिट मागून घेतलं.
चार ओळी.
पाठ व्हायला कितीसा वेळ लागतो.

संध्याकाळी दुकान गच्च भरलेलं.
मीठच सात तऱ्हेचं.
साबण घेतला.
मेणबत्त्या दोन, घरी वीज असून.
पेरूंचा हंगाम नव्हता.
गल्ल्यावरच्या पोरीने सुट्टे मोजून हातावर ठेवले,
बरेच उरले होते.
बाई तिथेच उभ्या.
भाग गेल्यावर राहिलेली बाकी
नेमकी कुठे लिहायची
हे किती वर्गांना शिकवलं असेल आपण,
मनात जुळवत असतानाच
मागून कुणीतरी म्हणालं,
आई, जरा सरकता का पुढे?