हातभर जागा

सास्काचेवान. रात्रीचे पावणेदोन, उणे एकतीस.
हवालदार मावीस लाफोंड
काचेपाशी टॉर्च धरते.

गाडीनं दोनदा रेघ ओलांडली.
पण रेघ आहे कुठे? बर्फाखाली.
डोळे लाल.
शब्द एकमेकांवर रेललेले.
वास आहे;
की मघाशी बारमधली मारामारी सोडवली
तिचाच, आपल्या मफलरला चिकटलेला?

कायदा म्हणतो, नुसता संशय पुरत नाही.
खात्रीही नको, ते न्यायाधीशाचं काम.
दोन्हींच्या मधे हातभर जागा असते,
तिथं उभं राहायचं,
आणि कारण सांगता आलं पाहिजे
उद्या, उजेडात, परक्या माणसाला.

"ओरेस्ट," म्हातारा नाव सांगतो.
"बायकोला पुरून आलो.
जमीन इतकी गोठलेली, की
आधी तिच्यावर कोळसे पेटवले
दीड दिवस."

बेड्यांवरची बोटं थबकतात.
दुःखानं जीभ अशीच जड होते.
दारूनंही.
दोन्ही एकदम असतील तर
वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

ती यंत्र पुढे करते. फुंका.
तो फुंकतो,
विझत्या निखाऱ्यावर फुंकावं तसा, वाकून.

आकडा यायला वेळ लागतो.
तोवर तो अटकेत नाही,
मोकळाही नाही.
तीसुद्धा.