ओटा

शालीक मिस्त्री लग्नाला म्हणून भंडाऱ्याला गेला
तो गेलाच.
मग छन्नी मी घेतली, घमेलं धनश्रीनं.
नागपूरचा मे, सेहेचाळीस डिग्री,
कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं तर
गारवा कमी, सिमेंटच जास्त उडालं.

हनुमाननगरातलं हे घर घेतलं
तेव्हापासून ओटा बुटका,
कुणा ठेंगण्या बाईच्या मापाचा.
अकरा वर्षं धनश्री त्याच्यापुढे वाकली,
मी म्हणत राहिलो, पाहू दिवाळीनंतर.

डिस्टेंपरचा तिसरा पापुद्रा निघाला
नि खाली पेन्सिलीनं हिशेब:
दूध दीड शेर. बुध नागा. गुरू नागा.
शुक्रवारी अर्धा शेर जास्त.
कोण आलं असेल शुक्रवारी?
"टाइल लाव," धनश्री म्हणाली, "मसाला वाळून राहिला."

लावली.
कडप्पा बसवला, पण पाणसळीतला बुडबुडा
काही केल्या मधोमध येईना.
भिंतच तिरपी, आता काय करता.

"उभी राहून पाहा," म्हटलं.
तिनं हात टेकले,
पाठ ताठ केली हळूहळू,
दुसऱ्याचीच असल्यासारखी,
आणि एकदम म्हणाली,
"ह्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते नं!
काऊन नाही सांगितलं मला?"